बसून बघितल्याशिवाय पास नाही

आमचा संडास दोनदा नापास झाला. दहावीला मी एकदाच झालो होतो, त्यामुळं घरात सगळ्यात ढ कोण, याचा निकाल लागला आणि मला जरा बरं वाटलं.

नापास करणारे साहेब राहायला घोडेगावात, आणि नोकरी गावोगावचे सरकारी योजनेतले संडास तपासायची. डोंगरातल्या वाड्यांपासून खालच्या बागायती गावांपर्यंत त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. ‘बसूनबघे साहेब’ म्हणायचे. कारण हे नुसती भिंत बघून सही करणारे नव्हते. गाडीतून उतरायचे, पँट दोन्ही गुडघ्यांपाशी चिमटीत धरून वर ओढायचे, आत जायचे, दार लावायचे आणि कपड्यांसकट बसायचे. बसायचे म्हणजे चांगली पाच-पाच मिनिटं. बाहेर सरपंच, ग्रामसेवक, घरमालक आणि गावातली सगळी रिकामी टाळकी उभी. आतून आवाज यायचा, “उजव्या हाताला तांब्या ठेवायला जागा नाही. लिहा.” ग्रामसेवक लिहायचा. “उठताना डोकं कडीला लागतं. लिहा.” मग घाम पुसत बाहेर यायचे आणि ठरलेलं वाक्य बोलायचे, “बसून बघितल्याशिवाय पास नाही.”

आमच्या पिंपळवंडीच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा उतार चुकला म्हणून नापास. दुसऱ्यांदा वरच्या पाइपाला जाळी नव्हती म्हणून नापास. वडील वैतागले. म्हणाले, “आवो साहेब, पाइपाला जाळी कशाला? कोन चढून जाणार हाये तिथं?”

“डास,” साहेब म्हणाले आणि निघून गेले.

तिसऱ्या खेपेला बसले, बाहेर आले, वडिलांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “उत्तम. अभिनंदन.” पोरगं कलेक्टर झाल्यासारखे वडील गावभर सांगत फिरले. पुढं त्या संडासात आम्ही कांदे भरले, ती गोष्ट वेगळी. ती सांगायची तेव्हा सांगतो.

बरीच वर्षं गेली. मी आळेफाट्याच्या अलीकडं हायवेला वेल्डिंगचं वर्कशॉप टाकलं. टोमॅटोच्या पिकअपला जाळ्या मार, ट्रॉलीचा फाळका बदल, असली कामं. एका सकाळी शाळेची एक जुनी पिवळी बस धूर काढत दारात येऊन उभी राहिली. ड्रायव्हरच्या सीटवरून साहेब उतरले. रिटायर झालेले, डोक्यावरचं पीक गेलेलं, पण उतरताना पँट चिमटीत धरायची सवय तशीच.

“मिस्त्री,” म्हणाले, “यात घर करायचंय. झोपायची सोय, रांधायची सोय. पण आधी संडास-न्हाणी. तिची जागा ठरल्याशिवाय बाकी एक खिळा ठोकायचा नाही.”

मी म्हटलं, “साहेब, फिरायला जायचं तर लॉजवर उतरा की राव. हे कशाला झेंगट?”

तेव्हा त्यांनी काकूंची गोष्ट सांगितली. काकू म्हणजे त्यांची बायको. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं एसटीनं कोल्हापूरला निघाली होती. वाटेत काकूंना जायची वेळ आली, संडास कुठं नव्हता, त्या उसाच्या आड गेल्या, आणि परत आल्या त्या रडतच. त्या दिवसापासून प्रवास बंद. फार तर जुन्नरच्या दवाखान्यात जायच्या, तेही आदल्या संध्याकाळपासून पाणी न पिता. लेक नागपूरला दिलेली. चौदा वर्षं झाली लग्नाला, काकूंनी लेकीचं घर बघितलेलं नाही. आता लेकीनं स्वतःचं घर बांधलं होतं, चार महिन्यांवर वास्तुशांत होती, आणि तिनं फोनवर सांगून टाकलं होतं, “आई येणार नसेल तर मी पूजेला बसणार नाही. घर राहील तसंच.”

“मी जन्मभर लोकांचे संडास पास केले, मिस्त्री,” साहेब म्हणाले, “आणि माझी बायको माझ्याच घरात अडकून बसली. या खेपेला नेणार म्हणजे नेणार.”

आता एवढं ऐकल्यावर नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं आणि फसलो.

दुसऱ्या दिवशी साहेब मैदान आखायची पांढरी फक्की घेऊन आले. माझ्या वर्कशॉपच्या फरशीवर त्यांनी अख्खी बस आखली, चाकांसकट. मग तिच्यात संडास आखला. बारदानाच्या भिंती केल्या, भांडं म्हणून तेलाचा डबा पालथा घातला, आणि बसले. पाच मिनिटांनी उठले, पायानं फक्की पुसली, दुसरीकडं आखला, परत बसले. त्यांच्या वहीत एका पानावर एक नकाशा, वर नंबर, खाली शेरा. ‘नकाशा क्र. ३. गुडघा न्हाणीच्या भिंतीस लागतो. नापास.’

एवढ्यावर भागतंय होय? जाडा माणूस बसला तर काय, उंच माणूस बसला तर काय, म्हणून गिऱ्हाईक आलं की त्याला बसवायचे. लोक यायचे ट्रॉलीला वेल्डिंग मारायला, आणि डब्यावर बसून परत जायचे. “पावणं, दोनच मिनिटं. हात मागं न्या. कोपर कुठं लागतंय?” खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या अँटेनांवर काम करणारे एक शिकलेले गृहस्थ गाडीचा कॅरियर जोडून घ्यायला आले होते. साहेबांनी त्यांना कोरडी आंघोळ करायला लावली. त्या बिचाऱ्यांनी रिकामा तांब्या घेऊन डोक्यावर पाणी ओतल्यासारखं केलं, पाठ चोळली, आणि साहेब काटकोनाचा गुण्या धरून त्यांच्या कोपराचं माप घेत राहिले. जाताना ते गृहस्थ मला हळूच म्हणाले, “आकाशातल्या ताऱ्याचं अंतर आम्ही एवढं बारकाईनं मोजत नाही हो.”

शेजारचा टायरवाला वास्तुशास्त्र सांगतो. त्याला राहवेना. म्हणाला, “साहेब, संडास गाडीच्या मागच्या अंगाला नगं. ईशान्य हाय ती.”

साहेबांनी चष्मा काढला. “बस आत्ता पुण्याकडं तोंड करून उभी आहे. उद्या नाशिककडं तोंड केलं तर?”

टायरवाल्यानं बराच वेळ हवेत बोटं फिरवली. “मग मागची बाजू नैर्ऋत्य. तवा चालतंय.”

“म्हणजे नागपूरला जाताना दोष नाही, येताना आहे?”

“आसंच म्हणा.”

“मग येताना काय करायचं?”

“येताना रिव्हर्समदी या,” टायरवाला म्हणाला, आणि पान्हा उचलून गेला. साहेबांनी हे वहीत लिहून घेतलं. पुढं शेरा मारला, ‘अव्यवहार्य.’

मधोमध ठेवावा तर शेजारी ओटा येत होता. दारापाशी ठेवावा तर आत येणारा माणूस पहिला तिथंच. न्हाणी आणि संडास एकात करावं तर आंघोळ झाली की सगळं ओलंचिंब, मग नंतरच्यानं पाय कुठं ठेवायचा? वेगळं करावं तर झोपायला जागा उरेना. मी एकदा चिडून म्हटलं, “साहेब, पलंगच काढून टाका, दोगंबी संडासात झोपा.” त्यांनी त्याचाही नकाशा काढला. खरंच! क्रमांक आठ.

शेवटी अकरावा नकाशा पास झाला. संडास-न्हाणी पार मागं, बरोबर मधे, आणि दार सरळ पुढं ड्रायव्हरकडं तोंड करून. मधे पातळ पडदा, अलीकडं भांडं, पलीकडं न्हाणी. तांब्याला उजवीकडं कोनाडा. उठताना धरायला दांडी. सगळं काम मी मन लावून केलं, आणि साहेबांच्या डोक्यातून निघालेली शेवटची करामतही केली. दाराची आतली कडी लागली की पुढं ड्रायव्हरसमोर लाल दिवा पेटायचा.

“लाल दिवा असताना गाडी हलवायची नाही,” साहेब म्हणाले. “आणि वरच्या आरशातून दार सरळ दिसतं. एका नजरेत कळलं पाहिजे, आत कुणी आहे का नाही. सुरक्षा, मिस्त्री, सुरक्षा!” ते आत गेले, कडी लावली, दिवा पेटला, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी, टायरवाला, दोन ट्रॅक्टरवाले. सगळे बाप्येच. वर्कशॉपात बाई कशाला येतेय?

वास्तुशांत तीन आठवड्यांवर आली तेव्हा चाचणी ठरली. घोडेगावातून काकूंना घ्यायचं, जुन्नरवरून माळशेजच्या तोंडापर्यंत जायचं, आणि परत. मी चालवायला, साहेब माझ्या शेजारी वही घेऊन, काकू मागं. काकू म्हणजे बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. बसमध्ये चढल्या, सगळं हात लावून बघितलं, म्हणाल्या, “छान केलंय.” साहेब नव्या नवरदेवासारखे लाजले.

जुन्नर आलं. साहेबांनी मान वळवली, “अगं, पाणी घे की.” काकू म्हणाल्या, “नको.” पुढं धरणाच्या पाण्यापाशी थांबलो, चहा घेतला. काकूंनी घेतला नाही. घाटाच्या तोंडाशी वारा खात उभे राहिलो. “अगं, गाडी थांबली आहे,” साहेब म्हणाले, म्हणजे त्यांनी सुचवलं. काकू म्हणाल्या, “हो, दिसतंय.” परतीला साहेब दर पाच मिनिटांनी आधी आरशात बघत, मग दिव्याकडं. दिवा काही पेटेना. चार तासांनी घोडेगावात दारात गाडी लावली. काकू उतरल्या आणि जवळजवळ पळतच घरात गेल्या.

“वायर सुटली वाटतं,” साहेब म्हणाले.

मी मागं जाऊन कडी लावली. पुढून साहेब ओरडले, “पेटला!” मी कडी काढली. “विझला!” परत लावली. “पेटला! मग बिघाड कुठं आहे?” असा आमचा खेळ चालला होता, तेवढ्यात काकू बाहेर आल्या.

“अहो, दिव्याला काही झालं नाही,” त्या म्हणाल्या. “मीच गेले नाही.”

“का? कोनाडा चुकला? दांडी लांब पडते?”

काकू बसच्या पायरीवर बसल्या. दिवसभर दोन-दोन शब्दांत बोलणाऱ्या काकू आता सलग बोलायला लागल्या. “तुम्ही गावभर सांगत फिरता, संडास नव्हता म्हणून ही रडली. संडास नव्हता म्हणून नाही हो रडले. उसात जाऊन आले, तर कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, ‘त्या बाई आल्या का? झालं का त्यांचं?’ आणि साठ माणसं खिडकीतनं माना काढून माझ्याकडं बघत होती. मी चढले तर दोघं हसले. म्हणून रडले. आणि आता तुम्ही काय केलंत? समोर दार, वर आरसा, आणि मी गेले हे सांगायला लाल दिवा! तिकडं कंडक्टर तरी एकदा ओरडला होता.”

साहेबांनी वही मिटली.

“जन्मभर तुम्ही आत बसून बघितलंत, दार लावून,” काकू म्हणाल्या. “बाहेर उभं राहून कधी बघितलंत का? बाई त्या दाराकडं चालत जाते तेव्हा कोण कोण बघतंय ते?”

आता मी बोलायला नको होतं. पण माझं तोंड म्हणजे पाइपाला जाळी नसलेलं. मी म्हटलं, “साहेब, एक सांगू का? आमच्या संडासात कांदे हायेत.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

सांगितलं मग सगळं. आमच्या त्या अभिनंदनाच्या संडासाचं दार बरोबर गावच्या पाराकडं उघडतं. पारावर सकाळपासून बाप्यांची बैठक. आई तांब्या घेऊन दहा पावलं चालली की पारावरचं बोलणं थांबायचं. दोन दिवस ती गेली. तिसऱ्या दिवसापासून पहाटे तांबडं फुटायच्या आधी ओढ्याकडं जायला लागली, आधी जायची तशीच. वडील म्हणाले, बाईमाणसाची खोड. रिकामा पडला म्हणून आम्ही त्यात कांदे भरले. मी त्याच घरात वाढलो, रोज तो संडास बघितला, रोज आईला अंधारात जाताना ऐकलं, आणि एकदाही विचारलं नाही, का गं? वरनं त्याच हातांनी काकूंच्या दाराला दिवा जोडला. मला स्वतःची लाज वाटली. ती काही अजून गेलेली नाही.

साहेब वही बगलेत मारून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपला आले नाहीत. दुपारी गावातून आईचा फोन, “आरं, तुजं ते बसूनबघे साहेब पारावं हुबं हायेत. घंटाभर झाला. आपल्या संडासाकडं बघत्यात. डोकं फिरलं का त्येंचं?”

मी गाडी काढून गेलो. साहेब पारावर भर उन्हात वही घेऊन उभे. आई ओसरीतून बाहेर आली, डोक्यावर पदर घेतला आणि संडासाकडून कांद्याची पाटी आणायला निघाली. पारावरच्या चौघांच्या माना सवयीनं तिकडं वळल्या. साहेबांनी त्या चार माना बघितल्या. वहीत लिहिलं. मग खाली उतरून आईपुढं जाऊन उभे राहिले, पँट चिमटीत धरलेली.

“वहिनी,” म्हणाले, “हा नापास आहे. मी चुकून पास केला. माफ करा.”

आईनं पदर सावरला. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या साहेब. आवो, कांदं लई झ्याक टिकत्यात त्याच्यात. त्या वरल्या जाळीनं वारं चांगलं खेळतं.”

मला हसू आवरेना. साहेबही हसले, पण चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. पुढच्याच आठवड्यात मी ते दार काढून परसाकडच्या भिंतीत बसवलं. साहेब हजर होते. या खेपेला आत बसले नाहीत, पारावर उभे राहिले आणि तिथून ओरडले, “मिस्त्री, दिसत नाही! दिसत नाही!” सगळ्या गावाला वाटलं, साहेबांचे डोळे गेले.

बारावा नकाशा काकूंनी काढला. त्या पहिल्यांदाच माझ्या वर्कशॉपात आल्या, साहेबांच्या हातातली फक्की घेतली आणि दोन रेघांत काम संपवलं. “इथं कपाट, आडवं. कपाटाच्या मागं दार, आणि दाराचं तोंड बाजूला. म्हणजे मी साडी काढायला गेले का कशाला गेले, कुणाच्या बापाला कळायचं नाही.”

“पण मग पुढून काहीच दिसणार नाही,” साहेब म्हणाले.

“तेच तर सांगतेय.”

“आणि दिवा?”

“तो देवापुढं लावा.”

“पण गाडी केव्हा थांबवायची, ते कसं कळणार?”

काकूंनी त्याचाही विचार केलेला होता. “दर दीड तासानं चहाला थांबायचं. मला विचारायचं नाही. चहा तुम्हाला लागतो म्हणून थांबायचं. तुम्ही चहा प्या.”

चार दिवसांत केलं. झाल्यावर साहेब सवयीनं पँट वर ओढून आत निघाले, तर काकूंनी त्यांना दंडाला धरून ड्रायव्हरच्या सीटवर नेऊन बसवलं. “तुम्ही इथनं बघा. आज मी बसून बघते.” त्या कपाटामागं गेल्या. पाच मिनिटं गेली. टायरवाला आत डोकावत होता, त्याला मी हाकलला. मग मागून काकूंचा आवाज आला, “आरशात काय दिसतंय?”

“कपाट,” साहेब म्हणाले.

“आणखी?”

“काहीच नाही.”

“बरं,” काकू म्हणाल्या. “कोनाडा छान झालाय.”

निघायच्या दिवशी सकाळी मी घोडेगावला गेलो. दारात ही गर्दी. आळीतल्या बायका, साहेबांचे जुने ग्रामसेवक, आणि टायरवालाही हवा तपासायचं निमित्त काढून आलेला. बसला हार घातलेला, देवापुढं लाल दिवा. साहेब ड्रायव्हरच्या सीटवर बसले, परत उतरले, परत बसले. त्यांना धीर धरवत नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मिस्त्री, कपाट ठीक, दार ठीक. पण ती काल संध्याकाळपासून पाणी प्यायली नसेल तर काय उपयोग? तर मग सगळंच नापास.”

मी पुढं जाऊन बसचा हार सारखा केला. मलाही तीच धास्ती होती.

काकू बाहेर आल्या. नवी साडी, हातात पिशवी. पायरीवर एक पाय ठेवला आणि थांबल्या. शेजारणीला म्हणाल्या, “जरा पाणी आण गं.” तिनं तांब्या-भांडं आणलं. काकूंनी भांडं बाजूला केलं, तांब्याच घेतला, आणि तिथं, सगळ्या आळीसमोर, तोंड वर करून घटाघटा प्यायला लागल्या. सगळे बघत राहिले. साहेब सीटवर अर्धवट उठून उभे. काकूंनी मधे एकदा श्वास घेतला आणि परत तांब्या तोंडाला लावला.

मग पदरानं ओठ पुसले, गाडीत चढल्या आणि रिकामा तांब्या साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो उलटा करून बघितला. थेंब पडला नाही.

“पास,” साहेब म्हणाले, आणि गाडीला किल्ली मारली.